पिवळ्या कडा

टण्. स्टीलच्या वाटीत स्क्रू पडला आणि दुपारची सगळी शांतता दचकली. मी स्क्रूड्रायव्हर हवेत धरून आतल्या खोलीतल्या पाळण्याचा कानोसा घेतला. बाळ हललं नाही. सासूबाईंनी खांद्यावरचा नॅपकिन काढला, घडी करून वाटीच्या तळाशी घातला आणि वाटी पुन्हा माझ्यापुढे धरली.

"आता पाड किती पाडायचे ते," त्या म्हणाल्या. "कारखान्यात बटणं अशीच ठेवायचो आम्ही."

तो पहिल्या दाराचा पहिला स्क्रू होता. ओट्याच्या वर सहा कपाटं, खाली सहा, मिळून बारा दारं. ती सगळी उतरवायची, धुवायची, घासायची, रंगवायची आणि पुन्हा चढवायची होती, आणि तेही शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. नवरा कामासाठी सहा दिवस बाहेरगावी गेला होता. निघताना बुटाच्या नाड्या बांधता बांधता त्याने मला सांगितलं होतं की परत आलो की दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला बाई लावून टाकू, आईने आता किचनमध्ये पाऊल टाकायचं नाही. सांगितलं मला, पण आवाज असा लावला होता की शेजारच्या खोलीत ऐकू जावा. तो गेला. शेजारच्या खोलीत सासूबाई होत्या.

त्याचंही चुकत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी सासूबाई चहा टाकायला आत गेल्या आणि वरच्या कपाटाचं उघडं राहिलेलं दार त्यांच्या कपाळात बसलं. तपकिरी दार, मागे मातकट भिंत, त्यात दाराची कड ती केवढी, बोटभर. धडधाकट माणसालाही गडबडीत दिसली नसती. सासूबाईंना तर समोरचं दिसतच नाही. त्यांच्या डोळ्यांतली मधली नजर दोन वर्षांपासून विरत चालली आहे. कडेचं दिसतं, मधलं कोणीतरी खोडरबराने पुसल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते की कडेची नजर टिकेल, मधली परत यायची नाही. त्यामुळे काही नीट बघायचं असेल तर त्या मान तिरपी करून एका डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. आमची भिंगरी याला "आजी कोंबडीसारखी बघते" म्हणते. आजीला ते इतकं आवडलं की आता त्या स्वतःच "थांब, जरा कोंबडी होते" म्हणतात.

भिंगरी म्हणजे माझी थोरली, पाचवं लागलेली. आजीसमोर बसली की आजी तिला सांगतात, तुझे कान दिसतात, दोन्ही शेंड्या दिसतात, मधलं काय चाललंय ते तू सांग. मग ती सांगते: हसतेय, जीभ काढलीय, नाक वर केलंय. कधीकधी खोटंही सांगते. आजीला ते आवाजावरून कळतं.

तर कपाळाला तीन टाके पडले. रक्ताने भरलेला चेहरा पहिल्यांदा नवऱ्यानेच पाहिला. त्या दिवशी तो आईवर ओरडला, तसं मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तुला किचनमध्ये जायला कोणी सांगितलं होतं, असं तो तीनतीनदा म्हणत होता. ते दार उघडं कोणी ठेवलं, हे मात्र कोणी कोणाला विचारलं नाही.

रंगाची कल्पना माझी. बाळाला पाजताना समोरच्या कपाटांकडे बघत बसण्यापलीकडे मला काही काम नसतं. तेव्हा सुचलं की दाराची कड आणि आतली बाजू जर झगझगीत असेल, तर उघडं दार स्वतःच ओरडून सांगेल की मी उघडं आहे. दुसऱ्या दिवशी मी भिंगरीचे रंगीत कागद कापून दारांच्या कडांवर चिकटवले आणि सासूबाईंना दारातून आत यायला लावलं. लाल दिसला नाही. हिरवा "आहे वाटतं काहीतरी." पांढरा भिंतीत हरवला. पिवळ्याशी मात्र त्या थबकल्या, मान तिरपी केली आणि हात लांब करून कागदाच्या बरोबर टोकावर बोट ठेवलं.

रंगारी बोलावला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मानही हलवली, आणि शेवटी म्हणाला की ताई, बाहेरून निळा आणि कडांना पिवळा असं कोणी करत नाही, सर्कशीसारखं दिसेल, एकच रंग घ्या, दोन दिवसांत उडवून देतो. सासूबाई आतून म्हणाल्या, "सर्कस तर सर्कस. तिकीट लावू." तो हसत निघून गेला. तेव्हाच आमचं दोघींचं ठरलं.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की काम मी करेन आणि त्या सोबतीला बसतील. पहिल्याच दिवशी माझा तो गैरसमज फिटला. दारं उतरवून झाली, सोड्याच्या गरम पाण्याने चिकटा निघाला, आणि मी पॉलिश पेपर घेऊन पहिलं दार घासायला बसले. अर्ध्या तासाने मला ते अगदी गुळगुळीत दिसायला लागलं. मी ते भिंतीला टेकवणार इतक्यात सासूबाईंनी तळवा फिरवला. वरून खाली, मग आडवा. एका ठिकाणी थांबल्या.

इथे आहे अजून, म्हणाल्या. मी डोळे बारीक केले, दार उजेडात धरलं, मला काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून तिथे नेलं आणि माझं नख खरंच जुन्या पॉलिशच्या एका थेंबाला अडलं. तिळाएवढासुद्धा नसेल.

तीस वर्षं त्या कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. शिवून आलेला शर्ट टेबलावर यायचा आणि सहा सेकंदांत पास किंवा नापास व्हायचा. शिवणीवरून हात फिरवायचा, कुठे टाका सुटला असेल तर बोटाला कळतं, डोळे मागाहून येतात, असं त्यांचं म्हणणं. तिथे सगळे त्यांना दुर्बीण म्हणायचे. हे सांगताना त्या स्वतःच खुदकन हसल्या. म्हणाल्या, बघ, दुर्बिणीची काच गेली आणि नळी उरली.

त्यानंतर कामाची वाटणी आपोआप झाली. कुठे राहिलंय ते त्या सांगायच्या, कुठे ओघळलंय ते मी. घासणं त्यांच्याकडे, ब्रश माझ्याकडे. दुपारी बाळ झोपलं की दीड तास मिळायचा, कधी पाऊणच. बाळ उठलं की मी हात धुऊन धावायचे आणि त्या मागे एकट्या घासत राहायच्या, खर्र खर्र, एका लयीत. त्या आवाजाला बाळ इतकं सरावलं की गुरुवारी खर्र थांबली आणि ते जागं झालं. मी पाळण्याशी बसून थोपटताना दारातून त्यांच्याकडे बघायचे. जमिनीवर मांडी, मांडीवर दार, नजर समोरच्या भिंतीवर कुठेतरी, आणि हात मात्र दारावर असे चाललेले की जणू त्या दाराची समजूत काढतायत. माझ्या आयुष्यात मी इतकं नीट काम कधी केलं नाही. माझ्या शिक्षणात, नोकरीत, कशातच नाही. कारण तपासायला अशी माणसं कधी भेटलीच नाहीत.

नवऱ्याचा रोज फोन यायचा. मंगळवारी भिंगरीने फोन हिसकावून सांगितलं की बाबा, आजी दारं घासते. तो मला म्हणाला, अगं, आईला साफसफाई कशाला करू देतेस? मी म्हटलं, ऐकतात का त्या माझं. हे अगदी खरं होतं.

बुधवारी प्रायमर झाला, गुरुवारी निळ्याचा पहिला हात, शुक्रवारी सकाळी दुसरा. दारं बाहेरच्या खोलीत पालथ्या पेल्यांवर ठेवून वाळवत होतो. एका दाराला चार पेले लागतात, त्यामुळे आठवडाभर आम्ही सगळे कपातून पाणी पीत होतो. शुक्रवारी दुपारी पिवळा काढला. आतली बाजू मी रोलरने केली. कडा सासूबाईंनी मागून घेतल्या. मला धाकधूक होती, कारण कड सरळ यायला नजर लागते. मी दोन्ही बाजूंना टेप लावून दिली. त्यांनी स्पंजचा तुकडा रंगात बुडवला, निथळला, आणि डाव्या हाताचा अंगठा टेपच्या काठावरून पुढे पुढे सरकवत मागून स्पंज ओढत नेला. मी टेप सोडवली तेव्हा खाली निघालेली रेघ मी पट्टी लावूनही काढू शकले नसते.

चूक शनिवारी सकाळी उघडकीला आली.

दारं उतरवताना प्रत्येकाच्या मागे मी टेपचा तुकडा लावून नंबर घातला होता, एक ते बारा. पिवळा मारायच्या आधी ते तुकडे काढून त्या त्या दारापुढे जमिनीवर चिकटवले. दारं अर्थात जागा मिळेल तशी मांडलेली, दोनाशेजारी सात, साताशेजारी अकरा. भिंगरीला गेल्याच महिन्यात वीसपर्यंत आकडे यायला लागलेत. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठली, तिने ती खोली पाहिली, आणि तिला आपल्या आईची कीव आली. मी बाहेर आले तेव्हा ती अगदी खुशीत उभी होती. म्हणाली, आई, तू सगळे आकडे चुकीचे चिकटवले होतेस, मी काढून ओळीत लावलेत. एक, दोन, तीन, चार, बरोब्बर बारापर्यंत. एकही चुकला नव्हता.

वरवर बघता दारं सगळी सारखी. पण पूर्वीच्या सुताराने एकेक दार त्या त्या खणाला घासून बसवलं होतं. एखादं अर्ध्या नखाने रुंद, एखाद्याची भोकं केसभर वर. लावून बघत बसायचं तर बारा दारं बारा जागी, आणि कालचा रंग अजून कोवळा. जबरदस्ती केली तर कडांचे टवके उडणार. ज्या कडांसाठी सगळा खटाटोप, त्याच. संध्याकाळी तो दारात उभा राहणार, घरभर दारं पसरलेली बघणार, आणि मग त्याला समजावायला माझ्याकडे काय उरणार होतं? बाई सोमवारपासून येणार, एवढंच.

"तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं?" मी ओरडले.

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. ती टेबलाखाली जाऊन बसली. बाळ रडायला लागलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आधी टेबलाशी गेल्या, वाकल्या, खाली हात घालून भिंगरीची शेंडी चाचपली. मग सरळ झाल्या.

"हे वाक्य या घरात आता पुरे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तू बाळाला घे. आणि एकेक दार उलटं करून माझ्या मांडीवर दे."

मी म्हटलं, आई, आता तर सगळं घासून भरून एकसारखं केलंय आपण. कसं ओळखाल? त्या कारखान्यात बसत असतील तशा बसल्या, पाठ ताठ, पुढे मोकळे तळवे.

पहिलं दार त्यांनी नुसतं उचललं आणि म्हणाल्या, फ्रिजवरचं. स्क्रूची भोकं अजून घट्ट आहेत, वर्षातून दोनदा उघडतो आपण ते. दुसऱ्याच्या खालच्या कडेवर अंगठा फिरला. सिंकखालचं, डावं. पाणी पिऊन फुगलं होतं, घासलंय आपण पण उतार राहिला. तिसऱ्याच्या बिजागरीच्या खोबणीत त्यांनी बोट घातलं आणि मग नाक नेलं. लवंगा, म्हणाल्या. रंगाच्या वासाखाली मला काही लवंग आली नाही. चौथ्याच्या एका भोकात आगकाडीचा तुकडा होता. सासरे होते तेव्हा ते बिजागरी सैल झाली की अशी काडी ठोकायचे, आणि ती नेहमी शेगडीजवळचीच सैल व्हायची.

टेबलाखालून एक शेंडी बाहेर आली, मग दुसरी. हळूहळू भिंगरी आजीच्या गुडघ्याला टेकून बसली. आजी जागा सांगायच्या, मी तिचा नंबर, आणि ती टेप शोधून आणायची. मी बाळाला कडेवर घेऊन उभी होते आणि मला राहून राहून वाटत होतं की मी या किचनमध्ये सहा वर्षं वावरले, या बारा दारांपैकी एकाचीही मला ओळख नव्हती.

सातव्या दाराचा वरचा कोपरा त्यांनी दोन बोटांत धरला आणि कपाळावरच्या खुणेपाशी नेला. "हे माझं," म्हणाल्या. "ह्याची नि माझी टक्कर झालीय. ओळख लागायचीच."

नऊ दारं अशी लागली, एकापाठोपाठ एक. मग त्या अडल्या. मधली तीन पुन्हा पुन्हा चाचपली, जीभ दातांत धरली आणि शेवटी कबूल केलं की ही तिळी आहेत, मी हरले. भिंगरीला याचं फार नवल वाटलं. आजी हरते हे तिला माहीत नव्हतं. पण तीन दारं लावून बघणं काही कठीण नव्हतं. एक अडलं, ते काढलं, दुसरं अल्लद बसलं. बाकीची दोन आपापल्या जागी गेली. शेवटचा स्क्रू मी साडेपाचला पिळला. कडेला एकच टवका उडाला होता, नखाएवढा, आणि तो माझ्या हातून.

नवरा सव्वासहाला आला. बूट काढतानाच त्याला रंगाचा वास आला असणार, कारण तो बॅग हातात घेऊनच किचनच्या दारापर्यंत आला. तिथेच थांबला. खिडकीतून उन्हाचा शेवटचा तुकडा आत आलेला आणि निळी दारं त्यात शांत उभी. त्याने एकदा माझ्या नखांकडे पाहिलं. हे तुम्ही केलंत? दोघींनीच? मी मान हलवली. त्याने बोटाने एक दार जरा ओढलं, आतला पिवळा पाहिला, कड पाहिली, आणि विचारलं, असं का? मला घशापर्यंत आलेलं सगळं सांगता आलं असतं. मी म्हटलं, आधी पाणी पी.

त्याने वरच्या कपाटातून पेला काढला आणि दार तसंच ठेवून माठाकडे वळला. लहानपणापासूनची सवय. टक्कर झालेलं, तेच दार होतं ते.

त्याच वेळी सासूबाई हात पुसत आत आल्या, दूध बघायला, नेहमीच्या चालीने, सरळ त्या दारावर. मी हात उचलला. मग उचललेला हात मी धरून ठेवला, आणि ते मला आजवरच्या सगळ्यात अवघड कामांपैकी वाटलं. त्यानेही बघितलं होतं. पेला त्याच्या ओठांशी तसाच राहिला.

एक वीत उरली असताना त्या थांबल्या. मान तिरपी झाली. दोन बोटांनी त्यांनी दार लावलं.

"त्या दिवशीही तूच उघडं ठेवलं होतंस," त्या त्याला म्हणाल्या, दूध नासलं म्हणावं इतक्या साधेपणाने. "तेव्हा बोलले नाही, तू आधीच अर्धा झाला होतास. आता बोलते, कारण आता दिसतं मला. दारं तू लावायला शीक. चहा मी टाकते."

तो खाली बघत राहिला. पेला ओट्यावर ठेवला, मग उचलून विसळला, मग पुन्हा ठेवला. डोळे पुसले ते बाहीने, आम्ही बघतच नाही असं समजून. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं की त्या स्वयंपाकाच्या बाईंना नको म्हणून कळवायचं का. मी तोंड उघडायच्या आत शेगडीकडून उत्तर आलं की त्यात विचारायचं काय, कळव, आणि साखर किती घालू ते सांग.

आधण उकळायला लागलं. त्या एकेक दार उघडून बघत होत्या, काही काढायचं नव्हतं तरी. उघडायच्या, कोंबडी व्हायच्या, लावायच्या. नवरा जमिनीवर बाळाला घेऊन बसला आणि म्हणाला, सर्कशीसारखं दिसतंय. "तिकीट काढलंस का?" सासूबाईंनी विचारलं. मी सिंकपाशी ब्रश धुवत होते. पाणी पिवळं जात होतं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच मला कसली घाई नव्हती.

कुर्त्याला ओढ बसली म्हणून मी खाली पाहिलं. भिंगरी रंगाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. तळाशी थोडा पिवळा उरला होता. तिने आधी आजीकडे बघितलं, आजीची पाठ आहे याची खात्री केली, आणि अगदी हळू आवाजात, कानात सांगायच्या गोष्टीसारखं विचारलं,

"आई, कुठे लावला की आजीला माझं तोंड दिसेल?"